इलेक्ट्रिकल कंत्राटदारांनो, सॉफ्टवेअर घेण्याआधी एक जुनी साइट उघडा



"सर, सॉफ्टवेअर घेऊन पाच महिने झाले. बिलं झकास निघतात. पण पैसे कुठे जातात ते काही कळत नाही."

जूनच्या पहिल्या आठवड्यात भोसरीचे एक इलेक्ट्रिकल कंत्राटदार माझ्याकडे आले होते, त्यांचं हे पहिलं वाक्य. सोबत त्यांच्या मिसेस, एक लॅपटॉप, बिलांची फाइल आणि एक कापडी पिशवी. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या घरातले आकडे येणार आहेत. आयटीआय करून बारा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली वायरमन म्हणून काम केलं, मग लायसन्स काढून स्वतःचा धंदा. सध्या तीन साइट चालू, सहा-सात माणसं. वहिनी दिवसभर घर आणि मुलं बघतात आणि रात्री दहानंतर ऑफिस. ऑफिस म्हणजे त्यांचं जेवणाचं टेबल.

काम कमी नव्हतं. तरीही गेल्या दिवाळीच्या तोंडावर मटेरियलवाल्याची उधारी फेडायला वहिनींच्या बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. हे वहिनींनीच सांगितलं. ते तेव्हा टेबलाकडे बघत बसले होते. जानेवारीत त्यांनी सॉफ्टवेअर घेतलं ते याच कारणाने, की आता हिशोब एकदाचा नीट ठेवायचा.

"सर, इलेक्ट्रिकल कंत्राटदारासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. व्हिडिओमध्ये दहा मिनिटांत त्याचं उत्तर देताना बरंच गाळावं लागतं. त्या दिवशी टेबलावर जे झालं ते इथे सविस्तर लिहितो, म्हणजे घाई का करू नका म्हणतो ते कळेल.

मोशीच्या बिल्डिंगचं काय झालं

मी म्हटलं, लॅपटॉप राहू द्या. एखादी जुनी साइट सांगा, वर्ष उलटून गेलेली, तुमच्या डोक्यातून संपलेली.

त्यांनी मोशीची बिल्डिंग सांगितली. बारा फ्लॅट, सगळे टू बीएचके, मटेरियलसकट वायरिंग. एका फ्लॅटचे ८०,००० प्रमाणे ९,६०,००० चं काम. (इथले सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत.) कोटेशन देताना त्यांनी डोक्यात मांडलेला हिशोब असा: मटेरियल ५,६०,०००, मजुरी २,४०,०००, गाडीभाडं, टेस्टिंग, किरकोळ मिळून ४०,०००. सुटतील १,२०,०००. चांगला अंदाज होता. अनुभवी माणसाचा होता.

मग आम्ही एकच वस्तू धरली, वायरचं बंडल. अंदाज होता फ्लॅटला अकरा बंडल, म्हणजे १३२. तपकीर गल्लीतल्या दुकानदाराची बिलं चाळली तर खरेदी १४९. सतरा बंडल जास्त. सरासरी २,२०० रुपयांनी धरलं तर ३७,४०० रुपयांची वायर. ती गेली कुठे?

"वेस्टेज असतं हो सर," ते म्हणाले.

तेव्हा वहिनींनी ती कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. आतून निघाले स्विचच्या खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे. त्यांचा मिस्त्री साइटवर पुठ्ठ्यावर लिहायचा. '३०२, बेडला एसी पॉइंट जादा.' '४०१, बाल्कनी १, देवघर १.' 'पाइप चोकअप, दोघे दिवसभर.' वहिनी म्हणाल्या, "फेकायला जीव होत नव्हता. वाटलं कधीतरी लागतील."

मंडळी, त्या धंद्यातलं सगळ्यात खरं रेकॉर्ड त्या पिशवीत होतं. पाच महिने चाललेल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं.

दीड तास लागला. पुठ्ठ्यांवरून जादा पॉइंट मोजले, ४६ निघाले. फ्लॅटचा मालक साइटवर यायचा, मिस्त्रीला म्हणायचा, 'इथे एक काढून दे रे', मिस्त्री काढून द्यायचा. त्यात नऊ बंडल वायर गेली, १९,८०० रुपये. वर प्लेट, स्विच, पाइप धरून ८,०००. बिल्डरला किंवा फ्लॅटमालकाला यातला एक पैसाही लावलेला नाही. यांचाच जादा पॉइंटचा दर ९०० आहे. म्हणजे ४१,४०० रुपयांचं बिल फाडायचंच राहिलं.

पाच बंडल चिखलीच्या साइटला गेले होते. तिकडे एका संध्याकाळी वायर कमी पडली, पोरगा बाइकवर येऊन घेऊन गेला. ११,००० रुपये. एकूण धंद्याला हा तोटा नाही, पैसा घरातच राहिला असं वाटेल. पण याचा परिणाम बघा. चिखलीचं काम फार सुटलं असं त्यांना वाटलं, म्हणून पुढच्या दोन साइटला त्यांनी चिखलीचाच दर दिला. जो नफा चिखलीत झालाच नव्हता, त्याच्या भरवशावर दोन कोटेशन गेली.

तीन बंडल सापडली नाहीत. ६,६०० रुपये. इथे लगेच पोरांवर संशय घेऊ नका. कन्सील कामात दोन-चार मीटरचे तुकडे किती पडतात हे काम करणाऱ्यालाच माहीत.

राहिली मजुरी. स्लॅब भरताना पाइपमध्ये सिमेंट गेलं, पाइप चोकअप झाले, भिंती परत कापाव्या लागल्या. दोन माणसं, २२ दिवस, ७५० रुपये हजेरी, ३३,००० रुपये. ही चूक यांची नव्हती, स्लॅबवाल्याची होती. पण त्या वेळी फोटो काढून बिल्डरच्या इंजिनिअरला कळवलं नाही, तर आता कोण ऐकणार?

बेरीज केली, ७८,४०० रुपये. १,२०,००० मधून वजा केले तर उरले ४१,६००. आणि मग वहिनींनी विचारलं, "अहो, मोशीचं रिटेन्शन आलं का?"

शांतता. बिल्डरने बिलाच्या ५ टक्के रक्कम, ४८,००० रुपये, काम संपल्यावर एक वर्षासाठी रोखून ठेवली होती. वर्ष संपून आठ महिने झाले होते. बिल्डर स्वतःहून देणार नव्हता आणि यांनी मागितले नव्हते. म्हणजे नऊ लाख साठ हजारांचं काम करून त्या दिवशी खिशात काय होतं? उणे ६,४००.

सॉफ्टवेअरला हे का दिसलं नाही

त्यांचं सॉफ्टवेअर वाईट होतं का? नाही. पण ते दुकानाच्या हिशोबाने विचार करणारं होतं. या लेखातली मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून थोडं थांबून समजून घ्या.

दुकानदार बंडल विकत घेतो आणि बंडलच विकतो. बिलावर 'वायर १ बंडल' लिहिलं की स्टॉकमधून एक बंडल कमी होतं. आलं, गेलं, उरलं. हिशोब जुळतो.

कंत्राटदार बंडल विकत घेतो आणि पॉइंट विकतो. बिलावर लिहितो, 'लाइट पॉइंट, नग ४६'. त्या बिलात वायर नावाची वस्तूच नाही. मग सॉफ्टवेअर वायर कमी कशी करणार? आम्ही लॅपटॉप उघडून स्टॉक बघितला तर सॉफ्टवेअरच्या मते या दांपत्याच्या घरात जानेवारीपासून घेतलेली सगळी वायर जशीच्या तशी पडून होती. प्रत्यक्षात ती लोकांच्या भिंतींच्या आत होती!

दुसरी गोष्ट. दुकानाला जागा एकच असते. कंत्राटदाराचा धंदा म्हणजे तीन-चार वेगवेगळी दुकानं, प्रत्येकाचा गल्ला वेगळा, आणि सगळ्यांचा माल एका गाडीतून जातो. सॉफ्टवेअर सांगतं, या महिन्यात विक्री इतकी, खरेदी इतकी. ते तीन साइटचं मिसळलेलं उत्तर आहे. मोशी बुडतेय आणि चिखली तरंगतेय हे त्यातून कळत नाही.

म्हणून इलेक्ट्रिकल कंत्राटदाराने सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: याला 'साइट' कळते का? खरेदीचं बिल, साइटवर गेलेलं मटेरियल, परत आलेलं मटेरियल, हजेरी, उचल, गाडीभाडं, आमचं बिल, आलेला पैसा, या प्रत्येक नोंदीवर साइटचं नाव चिकटवता येतं का? आणि शेवटी एका साइटचं पान काढलं तर नफा-तोटा दिसतो का? हे होत नसेल तर बाकीचे रंगीत डॅशबोर्ड शोभेचे.

मग बाजारात काय आहे

मोबाइलवर चालणारी बिलिंग अ‍ॅप तुम्हाला माहीत आहेत, व्यापार, मायबिलबुक वगैरे. कोटेशन पाठवणं, जीएसटी बिल, येणं-देणं, व्हॉट्सअ‍ॅपवर पेमेंटची आठवण, यासाठी छान. नवीन माणूस आठवड्यात शिकतो. तुम्ही मुख्यतः दुरुस्तीची कामं, सोसायट्यांचे मेंटेनन्स, एक-दोन दिवसांची कामं घेत असाल तर यावर बरीच वर्षं आरामात निघतील. लांब चालणाऱ्या साइट घेता तेव्हा मात्र वर सांगितलेली बंडल-पॉइंटची अडचण येते. घेण्याआधी त्यात साइटप्रमाणे नफा निघतो का, ते स्वतः करून बघा.

टॅली. आपल्याकडे सीएंना टॅली पाठ असते आणि टॅलीचा माणूस गल्लोगल्ली मिळतो, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण टॅलीत कॉस्ट सेंटर करता येतं. प्रत्येक साइट एक कॉस्ट सेंटर. गोडाऊनही करता येतात, म्हणजे प्रत्येक साइटला एक गोडाऊन करायचं, वायर घरून मोशीला गेली की नोंद, मोशीहून चिखलीला गेली की नोंद, भिंतीत गेली की स्टॉक जर्नलने खर्ची टाकायची. सगळं होतं. अडचण एकच, ही सेटिंग करून घ्यावी लागते, आणि तुमचा अकाउंटंट महिन्यातून दोनदा येऊन फक्त जीएसटीपुरत्या एंट्र्या मारत असेल तर तो हे करणार नाही. त्याला करायचं तर रोजची माहिती लागते. ती तुम्ही देता का?

झोहो बुक्स हे चेन्नईच्या झोहो कंपनीचं ऑनलाइन सॉफ्टवेअर. यात प्रोजेक्ट नावाची सोय आहे, साइटला प्रोजेक्ट समजायचं. मोबाइलवरून खर्चाच्या पावतीचा फोटो टाकता येतो, साइटवरच्या माणसाला वेगळं लॉगिन देता येतं. कुठली सोय कुठल्या प्लॅनमध्ये आहे ते मात्र पैसे भरण्याआधी बघून घ्या. सीएला आवडेल का तेही विचारा, कारण रिटर्न शेवटी तो भरणार आहे.

यूट्यूबवर 'इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर सॉफ्टवेअर' शोधलं की परदेशी नावं येतात. जॉबर, सर्व्हिसटायटन, सिमप्रो. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या कंपन्या आहेत आणि तिकडे गाजलेल्या आहेत. पण जॉबर, सर्व्हिसटायटन बनलीत मुख्यतः तिकडच्या पद्धतीच्या कामासाठी: घरून फोन आला, माणूस पाठवला, तासाचा दर लावला, जागेवर कार्ड घासलं. आपल्याकडचं रनिंग बिल, रिटेन्शन, टीडीएस, जीएसटी यांच्यासाठी ती आहेत असं मला तरी वाटत नाही. व्हिडिओ बघा, शिका, पण पैसे भरू नका.

आणि मोठ्या बिल्डरांसाठी असलेले ईआरपी. सहा माणसांच्या धंद्याला ते म्हणजे अ‍ॅक्टिव्हाला ट्रकचं इंजिन.

एक्सेल किंवा गूगल शीट यांना हसू नका. वर्षाला चार-पाच साइट असतील तर साइटला एक शीट पुरते. फुकट आहे, आणि सॉफ्टवेअरमधून आपल्याला नेमकं काय हवं ते शीट भरताना आपोआप कळतं.

डेमो सेल्समनचा नको, तुमचा

सेल्समन डेमोत काय दाखवतो? एक आयटम तयार करतो, एक बिल काढतो, ग्राफ दाखवतो. सगळंच सुंदर दिसतं. तुम्ही असं करा. तुमच्या संपलेल्या साइटचे कागद घेऊन बसा आणि म्हणा, साहेब, हे माझ्यासमोर टाकून दाखवा.

वीस बंडल उधारीवर आले. सहा मोशीला गेले, त्यातले दोन परत आले. मिस्त्रीने ५,००० उचल घेतली. ३०२ च्या मालकाने चार पॉइंट वाढवले, त्याचं वेगळं बिल करायचंय आणि त्याची लेखी परवानगी, निदान व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट, त्या बिलाला जोडायचाय.

मग पहिलं रनिंग बिल टाकायला सांगा. समजा २,००,००० चं. त्यावर १८ टक्के जीएसटी ३६,०००, एकूण २,३६,०००. बिल्डर त्यातून टीडीएस कापणार. तुमचा धंदा स्वतःच्या नावावर असेल तर १ टक्का, पार्टनरशिप किंवा कंपनी असेल तर २ टक्के, आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर. म्हणजे इथे २,०००. रिटेन्शन ५ टक्के धरलं तर १०,०००. बँकेत येणार २,२४,०००. आता सेल्समनला विचारा, हे १२,००० कुठे दिसतात? अनेक ठिकाणी ते नुसतेच 'बाकी' म्हणून दिसतात, सगळे एका ढिगात. खरं तर २,००० आयकरात वळते करून घ्यायचेत आणि १०,००० एका ठरलेल्या तारखेला बिल्डरकडून मागायचेत. दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत आणि दुसऱ्याची तारीख सॉफ्टवेअरने स्वतःहून आठवली पाहिजे. मोशीचे ४८,००० इथेच अडकले होते.

जीएसटीबद्दल एक लक्षात घ्या. रिटेन्शन अडकलं तरी बिल पूर्ण रकमेचं फाडलंय, त्यामुळे कर पूर्ण ३६,००० दाखवावा लागतो. बिल्डर साठ दिवसांनी पैसे देईल, सरकार तोवर थांबत नाही. अशा वेळी आधार असतो तो मटेरियलवर भरलेल्या जीएसटीच्या क्रेडिटचा. आणि ते क्रेडिट तुमच्या दुकानदाराने त्याच्या रिटर्नमध्ये तुमचं बिल दाखवलं, ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलं, तरच मिळतं. म्हणून सॉफ्टवेअरमधली खरेदी आणि २बी यांची जुळवणी होते का हे विचाराच. कच्च्या बिलावर वायर दोन रुपये स्वस्त मिळते म्हणून खूश होणाऱ्यांनी हे क्रेडिट पण मोजावं.

नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मटेरियलसकट वायरिंगचं कंत्राट जीएसटीत सेवा धरलं जातं. त्यामुळे नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढाल. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांसाठी आहे. 'मी तर ४० लाखांच्या आत आहे' म्हणणारे बरेच भेटतात.

सेल्समन एखाद्या गोष्टीवर अडला की म्हणतो, "ते कस्टमाइझ करून देऊ सर." तेव्हा एकच विचारायचं. असं करून दिलेल्या एका गिऱ्हाइकाचा नंबर द्या, मी बोलतो.

लॉगिन कोणाच्या मोबाइलवर आहे?

हे छोटं आहे पण महाग पडतं. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका उद्योजकाचं सॉफ्टवेअरचं खातं अकाउंटंटच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं होतं. अकाउंटंट नोकरी सोडून गेला, ओटीपी त्याच्याकडे. तीन आठवडे विनवण्या. खातं तुमच्या स्वतःच्या नंबरवर आणि ईमेलवर असू द्या. बाकीच्यांना त्यांचं त्यांचं लॉगिन द्या.

सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे पैसे भरण्याच्या आधी काढून बघा. वर्षाची वर्गणी संपल्यावर जुना डेटा वाचता येतो का, तेही विचारा. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. सॉफ्टवेअर बंद केलं म्हणून ही जबाबदारी सुटत नाही.

आणि तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग बंधनकारक आहे. कुठली एंट्री कधी बदलली याची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. सीएला विचारून तसंच सॉफ्टवेअर घ्या. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की ई-इन्व्हॉइस पण लागू होतं. आज तिथे नसाल, पण जायचंय ना?

त्यांनी शेवटी काय केलं

ते म्हणाले, "मग सर, कुठलं घेऊ? आजच घेतो."

मी म्हटलं, काही घेऊ नका. एक महिना, एकच साइट, एकच वही.

यावर ते नाराज झाले. साहजिक आहे, माणूस औषध घ्यायला आला आणि डॉक्टरने पथ्य सांगितलं. वहिनी मात्र लगेच कामाला लागल्या. त्यांनी साइटप्रमाणे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, मिस्त्री, नवरा आणि त्या. नियम एकच. संध्याकाळी सहा वाजता मिस्त्रीने तीन गोष्टी पाठवायच्या: आज किती माणसं, आज काय मटेरियल आलं किंवा गेलं, आज कोणी काय जादा सांगितलं. मिस्त्रीला टाइप करायचा कंटाळा, म्हणून तो आधीसारखं पुठ्ठ्यावरच लिहितो आणि त्याचा फोटो टाकतो. चालेल की! रात्री वहिनी ते गूगल शीटमध्ये उतरवतात, वीस मिनिटं लागतात.

पहिल्या आठवड्यात दोनच फोटो आले. दुसऱ्यात चार. तिसऱ्या आठवड्यात मिस्त्रीनेच फोन केला, "वहिनी, ५०४ वाला दोन पॉइंट मागतोय, काढू का?" वहिनींनी ५०४ च्या मालकाला मेसेज केला: दोन पॉइंट, १,८०० रुपये अधिक जीएसटी, हो म्हणत असाल तर कळवा. त्याने अंगठा पाठवला. त्यांच्या धंद्यातलं ते पहिलं रीतसर जादा काम.

महिन्यानंतर ते परत आले तेव्हा त्यांना काय हवंय हे मला सांगावं लागलं नाही. वहिनींनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणलं होतं: साइटप्रमाणे खर्च, मोबाइलवर एंट्री, रिटेन्शनची तारीख, आणि शेवटी ठळक अक्षरात, 'मला रात्री अर्ध्या तासात जमलं पाहिजे'. ही शेवटची अट मला सगळ्यात आवडली. सॉफ्टवेअर मालक घेतो आणि भरतं दुसरंच कोणीतरी. भरणाऱ्याला डेमोला बसवत नाहीत, आणि मग दोन महिन्यांत ते धूळ खात पडतं.

दोन डेमो झाले. दोन्हीला वहिनी बसल्या, मोशीचे कागद घेऊन. एकाला रिटेन्शन वेगळं दाखवता आलं नाही. दुसरं सगळं करत होतं, पण तेच काम त्यांच्या सीएच्या टॅलीत कॉस्ट सेंटर चालू करून होत होतं. शेवटी त्यांनी नवीन काही घेतलंच नाही. बिलं जुन्याच अ‍ॅपमधून निघतात, त्याची वर्गणी डिसेंबरपर्यंत भरलेली आहे. हिशोब सीएच्या टॅलीत, साइटप्रमाणे. रोजची माहिती वहिनींच्या शीटमधून दर शनिवारी सीएकडे जाते. जानेवारीत परत विचार करू म्हणाले. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. त्यांच्या सीएचा माणूस शनिवारी एंट्र्या मारायला तयार झाला म्हणून हे जमलं. नसता झाला तर मी त्यांना ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलं असतं.

मोशीच्या बिल्डरला त्यांनी पत्र दिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि बिलांची प्रत जोडून. आधी तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, वीस महिने तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं सोडून दिलं. गणपतीच्या आधी ३०,००० आले. उरलेल्या १८,००० ची तारीख त्याने पंधरा नोव्हेंबर दिली आहे. वहिनींनी ती शीटमध्ये टाकली आहे, आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे.